त्या संध्याकाळची प्रत

सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या माणसांचं अर्धं आयुष्य सॉफ्टवेअर उघडायची वाट बघण्यात जातं, हे बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. त्याला वाटतं, ही मंडळी सकाळी आली की बटण दाबतात आणि टकाटक कामाला लागतात. प्रत्यक्षात ती बटण दाबतात आणि चहाला जातात.

नाशिकच्या सातपूर वसाहतीतल्या एका कंपनीत ज्योत्स्ना पिंगळे डायलिसिसच्या यंत्रांचे प्रोग्राम लिहायची. ज्या टूलमध्ये हे प्रोग्राम लिहायचे ते टूल तिच्या उमेदवारीच्या काळात मिनिटभरात उघडायचं. मग त्यात चुका तपासणारा भाग आला, आपण होऊन अर्धा प्रोग्राम लिहून देणारा मदतनीस आला, देशोदेशीच्या आरोग्यखात्यांचे नियम आले. माहेरहून निघालेल्या लेकीच्या सामानासारखं दरवर्षी काहीतरी वाढतच गेलं. कमी करायचं कोणाच्या मनात येईना. शेवटी ते उघडायला चांगला पाऊण तास लागू लागला. मधेच बंद पडलं तर पुन्हा पाऊण तास.

या पाऊण तासात ज्योत्स्ना आणि दिलावर मुजावर कॅंटीनच्या मागच्या कट्ट्यावर बसायचे. दिलावर मूळचा तासगावचा, पण नोकरीची सगळी वर्षं नाशकात काढलेला. दोघांची टेबलं शेजारी. किती वर्षं झाली ते मोजायचं दोघांनी सोडून दिलं होतं. "उघडतंय तोवर सांग की, काल काय मोडून ठेवलंस?" असं तो विचारायचा, आणि मग आदल्या दिवशीच्या कामाची चिरफाड व्हायची. त्यांच्या अर्ध्याअधिक चुका टूलमधल्या तपासनीसाला नव्हे, त्या कट्ट्यावर सापडायच्या. पण तपासनीसाचा खर्च कंपनीच्या हिशेबात दिसायचा आणि कट्ट्याचा दिसत नव्हता, त्यामुळे कट्ट्याला कोणी विचारत नव्हतं.

मग 'सलग' आलं.

सलगचा पहिला भाग सरळ होता. वीज गेली तरी काही न विसरणारी मेमरी तोवर स्वस्त झाली होती. त्यामुळे टूल बंद करायचं कारणच उरलं नाही. ते संध्याकाळी जसंच्या तसं गोठवायचं आणि सकाळी त्याच क्षणापासून पुढे चालू करायचं. पाऊण तासाचं एक निमिष झालं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, ज्योत्स्नाने जरा जास्तच.

पण टूल उघडलं तरी माणूस कुठे उघडतो? काल काय चाललं होतं, कुठला धागा हातात होता, हे आठवून डोकं कामाला लागायला निदान अर्धा तास जातोच. सलगचा दुसरा भाग त्यासाठी होता. कानामागे लावायची बोटभर रुंदीची पट्टी. माणूस कामात बुडालेला असतो तेव्हा मेंदूच्या विजेचा, हृदयाच्या ठोक्यांचा, श्वासाचा मिळून एक खास ताल जमलेला असतो. जुना वास आला की जुनं घर आठवतं, तसा हा ताल परत मिळाला की त्या वेळचे विचार मेंदू स्वतःच ओढून आणतो. पट्टी विचार साठवत नव्हती. विचारांपर्यंत जायची वाट तेवढी साठवत होती, आणि सकाळी हलक्या स्पंदनांनी माणसाला त्या वाटेवर नेऊन सोडत होती.

रोज संपूर्ण ताल नोंदवायला फार वेळ लागे. म्हणून प्रोग्रामची नवी आवृत्ती हातात घेताना एकदाच माणसाची पूर्ण नोंद करत. तिला मूळ प्रत म्हणत. पुढे रोज संध्याकाळी त्या दिवशी पडलेला फरक तेवढा तिच्यावर चढवायचा. मूळ प्रत घेण्याआधी तोंड धुवावं, गच्चीवर एक चक्कर मारावी आणि मन निवांत झालं की मगच पट्टी लावावी, असा ऑफिसात एक रिवाज पडून गेला होता. तो कोणी शिकवला नव्हता. एकाचं बघून दुसरा करायचा.

दिलावरने पट्टी घेतली नाही. "माझं डोकं सकाळी सकाळी गार असतं, तेच बरं," असं म्हणून तो कट्ट्यावर एकटाच चहा पीत बसायचा. ज्योत्स्ना लांबूनच हात करायची आणि कामाला लागायची.

दोघांचं भांडण झालं ते उन्हाळ्याच्या अखेरीस. यंत्राची नवी आवृत्ती कंपनीला लवकर बाजारात आणायची होती. विभागाचा प्रमुख कपिल ओझरकर ज्योत्स्नाहून बराच लहान. वरून येणारा रेटा तो बिचारा आपल्या अंगावर घ्यायचा आणि उरलेला खाली वाटून द्यायचा. बैठकीत दिलावर एकाच गोष्टीवर अडून बसला.

"नवं काम हातात घ्यायच्या आधी एकदा सगळं बंद करा. मेमरी पुसा, टूल पुसा, पहिल्यापासून बांधून काढा आणि मग यंत्र थंड स्थितीतून चालू करून बघा. वर्षभर आपण एकदाही केलेलं नाही."

"दिलावर, त्याला दोन दिवस जातील. कदाचित जास्तच," ज्योत्स्ना म्हणाली. "आणि रोजच्या सगळ्या चाचण्या पास आहेत."

"रोजच्या चाचण्या जाग्या टूलमध्ये चालतात. पेशंटला यंत्र लावलंय आणि लाइट गेली, बॅटरीनंही दगा दिला, तर यंत्र गारच चालू होणार की."

"तू हे प्रत्येक आवृत्तीला म्हणतोस."

"कारण तुम्ही प्रत्येक आवृत्तीला टाळता!" त्याचा आवाज चढला. मग तो नको ते बोलला. "तुझे वडील डायलिसिसवर होते तेव्हा लाइट नुसती मिचकली तरी तू पांढरी पडायचीस. आता ते गेले, तर तुझी काळजीपण गेली का?"

ज्योत्स्नाच्या कानशिलात कढ आला.

"तुला नवीन काही जमत नाही म्हणून तू सगळ्यांचे पाय ओढतोस," ती म्हणाली. "आणि माझ्या वडलांचं नाव घ्यायची तुझी लायकी नाही."

हे ती ज्याला बोलली, तो तिच्या वडलांच्या शेवटच्या वर्षात दर आठवड्याला एक पाळी त्यांच्या उशाशी बसलेला माणूस होता. ते त्याला 'तासगावकर' म्हणून हाक मारायचे आणि त्याच्याशी द्राक्षांवर वाद घालायचे. दिलावरने आपले कागद गोळा केले आणि तो बाहेर गेला.

नव्या आवृत्तीचं काम त्याच दिवशी सुरू व्हायचं होतं. कपिलने जाता जाता आठवण करून दिली, "मॅडम, आज सगळ्यांच्या मूळ प्रती व्हायला हव्यात." ज्योत्स्ना तरातरा टेबलाशी गेली. तोंड धुतलं नाही, गच्चीवर गेली नाही. तशीच तिने पट्टी लावली आणि बटण दाबलं.

त्यानंतरचा पावसाळा तिला फारसा आठवत नाही. काम झपाट्याने होत होतं एवढं खरं. सकाळी पट्टी लावली की कालचा धागा हातात, आणि धाग्याबरोबर दिलावरचा राग. कढत, ताजा, आत्ताच बैठकीतून उठून आल्यासारखा. तो शेजारी नुसता खोकला तरी तिला डिवचल्यासारखं व्हायचं. राग एवढा ताजा असायचा की तो खरा आहे का, हा प्रश्नच तिला पडला नाही. ती थकत चालली होती. संध्याकाळी घरी पोचायची तेव्हा दिवसभर गव्हाची पोती वाहिल्यासारखं अंग मोडून आलेलं असायचं. वय झालं, असं ती नवऱ्याला सांगायची.

पावसाळ्याच्या मध्यावर तिने कपिलला सांगितलं, "दिलावरला माझ्या गटातून हलव. त्याच्याबरोबर काम होत नाही."

"नक्की ना मॅडम? तुम्ही दोघं म्हणजे..."

"नक्की."

कपिलला वाद घालायला वेळ नव्हता. दिलावरला दुसऱ्या इमारतीत प्रशिक्षण विभागात पाठवलं गेलं. जाताना तो तिच्या टेबलाशी क्षणभर थांबला. तिने मान वर केली नाही.

गोष्ट उघडकीला आली ती श्रीरंगमुळे. श्रीरंग तिचा नवरा, बॅंकेतून निवृत्त झालेला, शांत आणि जरा विसराळू माणूस. एका रविवारी दुपारी वाटाणे सोलता सोलता ज्योत्स्ना म्हणाली, "दिलावर किती दिवसांत आला नाही रे. या शनिवारी सगळ्यांना जेवायला बोलवू या का? शमाभाभीला माझ्या हातची पुरणपोळी आवडते."

श्रीरंगने मान डोलावली. विसरायच्या आत कामाला लागावं म्हणून सोमवारी सकाळी अकराच्या सुमाराला त्याने तिला ऑफिसात फोन केला. "अगं, दिलावरला मी फोन करू की तू भेटून सांगतेस?"

"दिलावरला? कशाला?"

"जेवायला. शनिवारी."

"तो माणूस माझ्या घरात पाऊल टाकणार नाही," ज्योत्स्ना म्हणाली. तिचा आवाज एवढा चढला की शेजारचे दोघेतिघे वळून बघायला लागले. "कोणी सांगितलं तुला त्याला बोलवायला?"

"तू सांगितलंस, ज्योत्स्ना. काल. वाटाणे सोलताना."

"मी शक्यच नाही."

"हे तिसऱ्यांदा झालं," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, नुसती चिंता होती. "रविवारी तू त्याची आठवण काढतेस आणि सोमवारी त्याला शिव्या घालतेस. मला वाटलं मीच विसरतोय. हल्ली मी विसरतो, म्हणून काही बोललो नाही."

फोन ठेवल्यावर ज्योत्स्ना बराच वेळ पडद्याकडे बघत बसली. वाटाणे तिला आठवत होते. दिलावरचं नाव काढल्याचंही आठवत होतं, पण ते दुसऱ्याच कोणा बाईने काढलं असावं तसं. प्रोग्राममध्ये असं झालं असतं तर तिने एका क्षणात ओळखलं असतं. कुठेतरी एक जुनी नोंद अडकून बसलीय, आणि प्रत्येक वेळी नव्या नोंदीवर तीच येऊन बसतेय. आयुष्यभर तिने दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या अशा चुका पकडल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी तिने पट्टी लावली नाही.

आपली आपण सुरुवात करायची सवय मोडलेली, त्यामुळे डोकं चालूच होईना. काल काय करत होतो ते आठवेना. ती नुसती बसून राहिली, खिडकीबाहेर बघितलं, पेनाचं टोपण उघडझाप केलं. मग तिने मुद्दाम दिलावरचा राग आठवून बघितला. बैठक आठवली, त्याचं बोलणं शब्दन् शब्द आठवलं. लागलं, पण जुनी जखम दाबल्यावर लागावं तेवढंच. मग तिला स्वतःचे शब्द आठवले आणि ती टेबलावर डोकं टेकून बसली.

कपिल आला तेव्हा ती तशीच होती. "मॅडम, बरं वाटत नाही का?"

"कपिल, मला थंड सुरुवात करून बघायचीय. सगळं पुसून."

"पुढच्या आठवड्यात आवृत्ती जायचीय!"

"म्हणूनच." ती एवढ्या दमलेल्या आवाजात म्हणाली की त्याने वाद घातला नाही. "मी जबाबदारी घेते. वर तसं सांग."

टूल पहिल्यापासून बांधून व्हायला दोन दिवस गेले. मधे ते तीनदा बंद पडलं, कारण ते थंड कसं चालू करायचं हे आता कोणाला नीट माहीतच नव्हतं. शेवटी प्रयोगशाळेतल्या यंत्राला माणसाच्या जागी मिठाच्या पाण्याची पिशवी जोडली. चालू यंत्राची वीज काढली, बॅटरी काढली, आणि थोड्या वेळाने पुन्हा जोडली. यंत्र जागं झालं. पंप फिरायला लागला आणि वेग घेत गेला. रुग्णाच्या शरीरातून तासाला किती पाणी काढायचं, याची वरची मर्यादा यंत्राच्या एका तक्त्यात असायला हवी होती. तो तक्ता वर्षापूर्वी कोणीतरी एकदा भरला होता आणि तेव्हापासून तो फक्त टूलच्या कधीही न झोपणाऱ्या मेमरीत होता. प्रोग्राममध्ये तो नव्हताच. थंड यंत्राला मर्यादा सापडली नाही, तेव्हा मर्यादा नाहीच असं त्याने धरलं. बघता बघता पिशवी चिपाडासारखी चपटी झाली.

कपिलने धावत जाऊन बटण बंद केलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मॅडम, हे माणसाला लावलेलं असतं तर..."

"हो," ज्योत्स्ना म्हणाली, आणि दुसऱ्या इमारतीकडे निघाली.

प्रशिक्षण विभागात दिलावर एका खोक्यात आपली पुस्तकं भरत होता. तिला बघून त्याने खुर्ची पुढे सरकवली. तो वाळला होता, की तिनेच त्याला इतक्या दिवसांत नीट बघितलं नव्हतं, कोण जाणे.

"कुठे निघालास?"

"तासगावला. भावाच्या बेदाण्याच्या कारखान्यात. प्रतवारीची यंत्रं घेतलीत त्याने, त्याला माणूस पाहिजेच होता. शमाची बदलीपण मिळाली. शुक्रवारी शेवटचा दिवस." तो सरळ आवाजात सांगत होता. "कपिलने नाही सांगितलं?"

कपिलने सांगितलं होतं. महिन्याभरापूर्वी. तेव्हा तिच्या कानामागे पट्टी होती आणि तिला बरंच वाटलं होतं.

तिने आधी यंत्राचं सांगितलं. तो लक्ष देऊन ऐकत राहिला, मधेच दोन प्रश्न विचारले, तक्ता कुठल्या भागात हलवावा तेही सांगितलं. क्षणभर दोघं जुन्यासारखे झाले. मग ती मूळ प्रतीबद्दल बोलली. तोंडही न धुता, रागात असताना घेतली होती, रोज सकाळी तीच संध्याकाळ परत येत होती, असं सगळं, अडखळत.

"मला ठाऊक होतं," दिलावर म्हणाला.

"काय?"

"मी शेजारी बसायचो ना. सकाळी यायचीस, पर्स ठेवायचीस, माझ्याकडे बघून हसायचीससुद्धा. एकदा तर 'अरे, ऐक ना' म्हणालीस. मला वाटायचं, आज बोलेल. मग पट्टी लावायचीस. आणि माझ्या डोळ्यांदेखत तुझा चेहरा बदलायचा."

"मग सांगितलं का नाहीस रे?"

"सांगणार कुणाला? पट्टी लावलेली ऐकून घेणार नव्हती. आणि न लावलेली मला दिवसातून एखादं मिनिट मिळायची. त्यात म्हटलं, तिचं तिलाच कळू दे."

ती रडायला लागली. त्याने पाण्याची बाटली पुढे केली.

"तुझी लायकी नाही म्हणाले मी. तुला. बाबांच्या बाबतीत."

"मीपण बोलायला नको होतं ते. त्यांचं नाव काढायला नको होतं."

"मी सगळ्यांसमोर सांगेन की तुझं बरोबर होतं. कपिलला सांगते, तुला परत गटात घेईल. थांब ना, दिलावर. माझा राग गेलाय. शोधला तरी सापडत नाही."

"माझा तर दुसऱ्याच आठवड्यात गेला होता." तो खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. "रागाचं काही नसतं गं. राग गेल्यावर मी वाट बघितली. मग तू मला गटातून काढलंस, तेव्हा वाट बघायचं थांबवलं. मग घरी बोललो, भावाशी बोललो, मुलीच्या शाळेचं बघितलं. तुझ्यासाठी ती संध्याकाळ परवापर्यंत चालू होती. माझ्याकडे त्यानंतरचे सगळे दिवस येऊन गेले, आणि ते मी एकट्याने काढले. आता ते कुठे टाकू?"

तिने पुस्तकं उचलून खोक्यात ठेवायला मदत केली. तेवढंच तिला करता आलं.

ती आपल्या टेबलाशी परतली तेव्हा घरी जायची वेळ झाली होती. पट्टी जिथल्या तिथे होती. टूल पुसताना माणसांच्या प्रतींना कोणी हात लावला नव्हता; पडद्यावर तिची मूळ प्रत दिसत होती, उद्या सकाळसाठी तयार. ज्योत्स्ना तिच्याकडे बघत राहिली. उद्या ही लावली तर सगळं परत मिळणार होतं. दिलावर आडमुठा, ती बरोबर, कानशिलात तो कढ. ही लाज तिथे पोचणारच नव्हती. एवढी दमली होती की क्षणभर तिला ते खरंच हवंसं वाटलं. रागात किती सोपं होतं, हे तिला आत्ता कळत होतं.

तिने प्रत पुसायची आज्ञा दिली. उद्यापासून तुमची सुरुवात सावकाश होईल, नक्की पुसायची ना, असं सलगने विचारलं. तिने हो म्हटलं.

आता दिलावर गेल्याचं दुःख तिला स्वतःचं स्वतःलाच वागवायचं होतं. उद्या ते आजच्याएवढंच असेल, परवा कदाचित थोडं कमी, आणि द्राक्षांच्या हंगामापर्यंत आणखी कमी. त्याचंही तिला आत्तापासूनच वाईट वाटायला लागलं.